घर दाखवा, मग बोली मागा : बँकांच्या घर-लिलावांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
सचिव, वित्तीय सेवा विभाग, अर्थ मंत्रालय,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
आणि थकीत कर्जापोटी घरं लिलावात काढणाऱ्या सर्व बँकांचे प्राधिकृत अधिकारी

विषय : तारण घराबद्दल बँकेला जे माहीत आहे, ते खरेदीदाराला बोलीआधी कळण्याबाबत

स.न.वि.वि.

ज्या बँकेकडून मी लिलावात फ्लॅट घेतला, तिचं ताजं पत्र अगदी त्रोटक आहे. आपण मालमत्ता ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ या तत्त्वावर खरेदी केली असल्याने तीवरील थकबाकी, तीत राहणाऱ्या व्यक्ती व प्रलंबित दावे यांबाबत बँकेची कोणतीही जबाबदारी नाही, एवढाच मजकूर आणि खाली शिक्का. बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा वाद कर्ज वसुली न्यायाधिकरणापुढे, म्हणजे डीआरटीपुढे, आहे हे एक कारण. दुसरं असं की लिलावात घर घेतलेल्या ज्या ज्या लोकांशी मी नंतर बोलले, त्यांच्याकडेही साधारण याच मजकुराची पत्रं निघाली. बँका वेगवेगळ्या, भाषा एकच. म्हणून हे पत्र एका शाखेला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे.

मी नोकरी करते, माझे पतीही. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढली. बाजारभावाने घर झेपेना, तेव्हा लिलावाच्या नोटिसा वाचायला लागलो. प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढली, उरलेलं कर्ज घेतलं, बोली लावली आणि फ्लॅट आमच्या नावावर सुटला. आज माझ्याकडे नोंदणी केलेलं विक्री प्रमाणपत्र आहे, मुद्रांक शुल्क भरल्याची पावती आहे. फ्लॅटमध्ये मात्र दुसरंच कुटुंब राहतं. आम्ही भाडंही भरतो आणि कर्जाचा हप्ताही.

इथे वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मला ठाऊक आहे : घेण्याआधी नीट चौकशी केली नव्हती का? केली होती. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 च्या, म्हणजे आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांच्या, नोंदी काढल्या. वकिलाकडून मालकी हक्काचा शोध अहवाल करून घेतला. 2011 पासून तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या सरसाईवर शुल्क भरून शोध घेतला. या एका बँकेखेरीज दुसऱ्या कुणाचं तारण दिसलं नाही. डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराचं नाव टाकून पाहिलं, काही सापडलं नाही. सोसायटीत गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही सभासद नाही, तुम्हाला हिशेब कसा दाखवू? त्यांचंही चुकीचं नव्हतं.

आणि बोली जिंकल्यावर, पैसे भरल्यावर, कळलं ते असं. फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब स्वतःला भाडेकरू म्हणवतं आणि त्यांनी त्यांच्या नावाने डीआरटीत अर्ज केलेला आहे. कर्जदाराच्या नावाने शोधून तो सापडणार कसा? या अर्जात बँक प्रतिवादी आहे आणि तिला नोटीस लिलावाच्या आधीच मिळालेली होती. म्हणजे ज्या दिवशी बँकेने लिलावाची जाहिरात छापली, त्या दिवशी घरावर वाद चालू असल्याचं तिला माहीत होतं. जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही. अटी-शर्तींत एक वाक्य आहे : ‘इच्छुक खरेदीदाराने स्वतःची स्वतंत्र चौकशी करावी.’

महोदय, माझी मुख्य तक्रार इथेच आहे, बाकी सगळं तिच्या मागून येतं. ज्याच्याजवळ घराची सगळी माहिती आहे तो गप्प बसतो आणि ज्याला ती मिळवायचा मार्ग नाही त्याला चौकशी करायला सांगतो.

बँकेजवळ काय काय असतं ते पाहा. कर्ज देताना तिने पॅनेलवरच्या वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घेतलेला असतो. मूल्यांकनकार घरात जाऊन मोजमाप करून आलेला असतो. मूळ करारांची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत, सोसायटीचं ना-हरकत पत्र, हे सगळं तिच्या कपाटात असतं. कर्ज थकल्यावर वसुली अधिकारी दारात अनेकदा जाऊन आलेला असतो. आत कोण राहतं, कधीपासून राहतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय लिलावापूर्वी, थकीत कर्जापोटी तारण न्यायालयात न जाता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या नियम 8(5) नुसार, मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून पुन्हा मूल्यांकन करावंच लागतं, त्याशिवाय राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, ठरत नाही. यातलं खरेदीदाराला काय दिसतं? वर्तमानपत्रातली एक चौकट. तिच्यात कर्जदाराचं नाव, थकीत रक्कम, फ्लॅटचा नंबर, क्षेत्रफळ, राखीव किंमत, इसारा रक्कम आणि तारीख.

कायदा असं वागायला सांगतो का? नाही. सरफेसी कायद्याखालचे 2002 सालचे सिक्युरिटी इंटरेस्ट नियम मी आता बऱ्याच वेळा वाचले आहेत. नियम 8(7) मध्ये विक्रीच्या सविस्तर अटी-शर्तींत काय असावं ते दिलं आहे. मालमत्तेच्या वर्णनात बँकेला माहीत असलेल्या बोजांचा तपशील हवा. आणि शेवटच्या खंडात म्हटलंय की मालमत्तेचं स्वरूप आणि मूल्य जोखण्यासाठी खरेदीदाराला कळणं महत्त्वाचं आहे असं प्राधिकृत अधिकाऱ्याला वाटेल, अशी इतर कोणतीही बाब त्यात हवी. घरात भाडेकरू असल्याचा दावा आणि त्यावर चालू असलेला खटला या महत्त्वाच्या बाबी नसतील, तर महत्त्वाचं म्हणायचं कशाला? नियम लिहिणाऱ्याने तो खंड खरेदीदारासाठी घातला. वापरात मात्र त्यातला ‘अधिकाऱ्याला वाटेल’ एवढाच भाग उरला आहे, आणि अधिकाऱ्याला काहीच वाटत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. त्याच्या कलम 55 नुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हरियाणा वित्तीय महामंडळाच्या खटल्यात, 2009 साली, सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न आला होता : लिलावात काढलेल्या कारखान्याकडे जाण्याच्या वाटेचा घोळ खरेदीदाराला सांगितला नव्हता. न्यायालयाने महामंडळाला त्याचे पैसे जप्त करू दिले नाहीत. म्हणजे ‘जे आहे जेथे आहे’ म्हटलं की सगळी जबाबदारी संपते, हे बँकांना वाटतं तितकं पक्कं नाही. पण एवढं सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत कितीजणांची असते?

आणखी एक गंमत आहे. नियमाने बँकेला फक्त तिला माहीत असलेले बोजेच सांगायला लावले आहेत. त्यामुळे माहिती करून न घेण्यातच तिची सोय आहे. सोसायटीला एक पत्र लिहून थकबाकी विचारली तर ती जाहीर करावी लागेल. विचारलीच नाही तर ‘बँकेच्या माहितीनुसार कोणताही बोजा नाही’ असं छापता येतं. मी पाहिलेल्या कितीतरी नोटिशींत हेच वाक्य आहे.

आता घर पाहण्याविषयी. नोटिशीत पाहणीची तारीख होती. बँकेचा माणूस आम्हाला इमारतीच्या फाटकापर्यंत घेऊन गेला आणि वरच्या एका खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, तो फ्लॅट. बँकेकडे केवळ प्रतीकात्मक ताबा होता, म्हणजे दारावर नोटीस चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापून घेतलेला ताबा. आत जाण्याचा अधिकार त्यालाच नव्हता, तो आम्हाला कुठून नेणार? जुनी स्कूटर घेताना माणूस ती चालवून बघतो. इथे आयुष्याची कमाई घालायची आणि स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे तेही माहीत नाही. स्लॅब गळतो की नाही, भिंती पाडून आत काही फेरफार केलेत का, शेजारचा फ्लॅट जोडून घेतलाय का, यातलं काहीही नोटिशीतून कळत नाही.

प्रतीकात्मक ताब्यावर विकलेल्या घराचा खरा ताबा मिळवणं ही वेगळीच चढण आहे. सरफेसीच्या कलम 14 खाली बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कायद्यात त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे, कारणं नोंदवून ती एकूण 60 दिवसांपर्यंत वाढवता येते. वाचून हायसं वाटलं होतं. पण ही मुदत पाळलीच पाहिजे अशी सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. त्यामागचं न्यायालयाचं कारणही समजण्याजोगं आहे : सरकारी यंत्रणेच्या दिरंगाईमुळे बँकेचा हक्कच बुडू नये. पण या सगळ्यात खरेदीदार कुठे बसतो? माझे पैसे बँकेला मिळाले, कर्जखात्यात जमा झाले. त्यानंतर कलम 14 चा अर्ज लवकर करण्याची घाई बँकेला का असेल? तिच्या दृष्टीने फाइल बंद झाली. माझ्या प्रत्येक फेरीला अधिकारी बदललेला असे आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे.

आत राहणाऱ्यांविषयी माझ्या मनात राग नाही, हे इथेच सांगून टाकते. खऱ्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं जे संरक्षण आहे ते सरफेसीने हिरावून घेता येत नाही, असं 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि ते योग्यच झालं. घरमालकाने कर्ज बुडवलं म्हणून भाडेकरू रस्त्यावर का यावा? ते खरे भाडेकरू आहेत की नाहीत हे न्यायाधिकरण ठरवील. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न बँकेचा आणि त्यांचा होता. बँकेने तो न सोडवता माझ्या गळ्यात घातला, आणि त्याचे पूर्ण पैसेही घेतले. आता जिन्यात आम्ही समोरासमोर आलो की दोघंही नजर चुकवतो. भांडण तिसऱ्याने लावून दिलं आहे.

थकबाकीचा विषय लवकर संपवते, कारण आकडे ज्याचे त्यालाच माहीत. सोसायटीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर, वीजबिल. वीजबिलाबाबत कायदा आता स्पष्ट आहे : मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणासह अनेक अपिलं एकत्र ऐकून, ‘जे आहे जेथे आहे’ तत्त्वावर घेतलेल्या जागेत नवी जोडणी हवी असेल तर लागू नियमांनुसार आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते असा निर्वाळा दिला. ठीक आहे, कायदा तसा असेल तर भरू. पण मग किती भरायची ते बोली लावण्याआधी सांगा. वीज कंपनीकडून थकबाकीचं पत्र मागवायला बँकेला एक अर्ज पुरतो. मला मात्र, मालक नसताना, ते कुणीच देत नाही.

मुदतींबद्दल. नियम 9 नुसार बोली जिंकणाऱ्याने त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी इसाऱ्यासह एकूण 25 टक्के रक्कम भरायची. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत; लेखी मुदतवाढ मिळाली तर जास्तीत जास्त तीन महिने. चुकलं तर भरलेली रक्कम जप्त. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्ण 25 टक्क्यांची जप्ती वैध ठरवली. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हा मुद्दा तिथे चालत नाही. लिलाव गंभीरपणे व्हावेत यासाठी कडक नियम हवेत, हे मलाही मान्य आहे; पोकळ बोल्या लावणाऱ्यांनी लिलावाचा खेळ केला तर नुकसान कर्जदाराचंही होतं. पण पगारदार माणूस उरलेली 75 टक्के रक्कम गृहकर्जाशिवाय कुठून आणणार? कर्ज देणारी दुसरी बँक मूळ कागदांच्या प्रती मागते, घराचं आतून मूल्यांकन मागते. ते कागद लिलाव करणाऱ्या बँकेच्या कपाटात, आणि घराला तर आतून कुलूप. ‘कागद पाहायला शाखेत या’ म्हणतात, शाखेत गेलं की फाइल विभागीय कार्यालयात असते. घड्याळ मात्र आमचंच पळतं. आमची मुदत आम्ही कशीबशी गाठली, त्यासाठी नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागले. ज्यांना असे नातेवाईक नाहीत त्यांचं काय होत असेल?

हे सगळं असं ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, यावर मी बराच विचार केला आहे. बँकेचा नाही. ज्या घराबद्दल काहीच खात्री नाही, त्यावर शहाणा माणूस हात राखूनच बोली लावतो. लिलाव फसतो, राखीव किंमत खाली आणली जाते, पुन्हा जाहिरात, पुन्हा खर्च. कर्जदाराचा तर मुळीच नाही. घर कमी किमतीत गेलं आणि कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी सरफेसीच्या कलम 13(10) खाली बँक त्याच्यामागे लागू शकते. म्हणजे घरही गेलं आणि देणंही राहिलं. ज्या माणसाने आधीच सगळं गमावलं आहे, त्याला नोटिशीतल्या मौनाची किंमतही मोजावी लागते. फायदा होतो तो फक्त अशांचा, ज्यांना आतली माहिती बाहेरून मिळते. एक दलाल मला सरळ म्हणाला, “मॅडम, कुठली फाइल स्वच्छ आहे ते आम्हाला विचारायचं असतं, पेपरात नाही बघायचं.” त्याचं शुल्कही त्याने सांगितलं. लिलाव सार्वजनिक, माहिती खासगी. मग सामान्य खरेदीदार या बाजारात पाय ठेवतो तो दलालाच्या हाताला धरून किंवा नशिबाच्या.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक बँकांच्या लिलावातल्या मालमत्ता एका जागी दिसाव्यात म्हणून आधी 2019 मध्ये पोर्टल आलं, मग 3 जानेवारी 2025 रोजी ‘बँकनेट’ हे नवं रूप आलं आणि सव्वा लाखाच्या आसपास मालमत्ता त्यावर हलवल्या गेल्या. शोधणं सोपं झालं, बोली लावणं सोपं झालं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये ताब्यात घेतलेल्या तारण मालमत्तांची माहिती संकेतस्थळावर टाकायला बँकांना सांगितलं, तेही चांगलंच. पण ती यादी कर्जदार कोण, मालमत्ता कुठली, थकबाकी किती एवढं सांगते. आत कोण राहतं, कुठला खटला चालू आहे, पाण्याची जोडणी आहे की नाही, याला तिच्यात रकानाच नाही. चौकट कागदावरून पडद्यावर आली.

त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने आणखी एक आदेश काढला होता, आणि माझ्या मागणीचा पाया तोच आहे. वैयक्तिक कर्ज (यात गृहकर्जही आलं) पूर्ण फिटल्यावर बँकेने मालमत्तेचे मूळ कागद 30 दिवसांत परत करायचे, स्वतःच्या दोषामुळे उशीर झाला तर कर्जदाराला दररोज 5,000 रुपये भरपाई द्यायची. 1 डिसेंबर 2023 पासून तो लागू आहे. म्हणजे बँकेच्या दिरंगाईला किंमत लावता येते, ती दिवसागणिक मोजता येते, हे रिझर्व्ह बँकेने मान्य केलेलं आहे. कर्ज फेडणाऱ्याचे कागद अडले तर भरपाई, आणि पूर्ण किंमत मोजणाऱ्याचं अख्खं घर अडलं तर काही नाही, हा फरक कशासाठी?

दाद मागायची जागाही अरुंद आहे. सरफेसीच्या कलम 34 मुळे दिवाणी न्यायालयाचं दार बंद. महाराष्ट्रात डीआरटी मुंबईत तीन, आणि पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे एकेक. बाकीच्या जिल्ह्यांतल्या माणसाने रजा टाकून तिथवर जायचं. आणि नवी मुंबईच्या एका मालमत्तेचं प्रकरण पाहा : खरेदीदाराची बोली 105 कोटींच्या घरात होती, त्याने पैसे भरले, त्यानंतर कर्जदाराला तारण सोडवून घेऊ देण्यात आलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल खरेदीदाराच्या बाजूने दिला, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा तारण सोडवण्याचा हक्क राहत नाही असं सांगितलं. तरीही त्या खरेदीदाराला अवमान याचिका घेऊन पुन्हा त्याच न्यायालयात जावं लागलं, तिचा निकाल डिसेंबर 2024 चा. शंभर कोटींच्या खरेदीदाराला जिथे दोनदा दिल्ली गाठावी लागते, तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्याने काय करावं, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा :

1. लिलावात काढलेल्या प्रत्येक घरासोबत ठरावीक नमुन्यातलं माहितीपत्रक द्यावं, त्यावर प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असावी. त्यात ताबा प्रतीकात्मक की प्रत्यक्ष, आत कोण राहतं आणि कोणत्या नात्याने, डीआरटी व इतर न्यायालयांतली प्रकरणं त्यांच्या क्रमांकांसह (ती कुणीही दाखल केलेली असोत), सोसायटी, वीज, पाणी आणि मालमत्ता कर यांची ठरावीक तारखेपर्यंतची थकबाकी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी असावी. ‘माहीत नाही’ असं लिहायचं असेल तर ते कळावं म्हणून कुणाला केव्हा विचारलं होतं तेही लिहावं. नियम 8 मध्ये दुरुस्ती करून हे बंधनकारक करता येईल, आणि दुरुस्ती होईपर्यंत रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पुरेल. सहकारी बँकाही यात हव्यात; सरफेसी त्यांना लागू आहे हे 2020 सालीच ठरलं आहे.

2. मूल्यांकन अहवाल आणि मालकी हक्काचा शोध अहवाल इसारा भरलेल्या प्रत्येकाला पाहायला मिळावा. कर्जदाराची खासगी माहिती त्यातून खुशाल वगळा.

3. राहतं घर शक्यतो प्रत्यक्ष ताबा घेतल्यावरच विकावं. तसं शक्य नसेल तर नोटिशीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत, ‘ताबा प्रतीकात्मक, घर आतून दाखवता येणार नाही’ असं छापावं, आणि ठरावीक मुदतीत ताबा देता आला नाही तर पूर्ण रक्कम परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क खरेदीदाराला असावा.

4. उरलेली रक्कम भरण्याची मुदत कर्जासाठी लागणारे कागद खरेदीदाराच्या हाती दिल्याच्या तारखेपासून मोजावी.

5. विक्री प्रमाणपत्र दिल्यानंतर बँकेच्या दिरंगाईने ताबा अडला, तर कागद परत करण्याच्या आदेशात आहे तशी दिवसागणिक भरपाई द्यावी. 5,000 रुपयेच असावेत असा माझा आग्रह नाही, रिझर्व्ह बँकेने आकडा ठरवावा.

6. नोटिशीतल्या किंवा प्रक्रियेतल्या बँकेच्या चुकीमुळे लिलाव रद्द झाला तर पैसे व्याजासह परत मिळावेत. मी वाचलेल्या बहुतेक अटी-शर्तींत ‘व्याज दिले जाणार नाही’ असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. हीच रक्कम बँकेने कुणाला उसनी दिली असती तर ती बिनव्याजी दिली असती का?

7. सविस्तर अटी-शर्ती स्थानिक भाषेतही द्याव्यात. मला मिळालेला दस्तऐवज फक्त इंग्रजीत होता. नोटीस मराठी वर्तमानपत्रात छापायची आणि ज्या अटींवर लाखो रुपये जप्त होऊ शकतात त्या मात्र दुसऱ्या भाषेत ठेवायच्या, हे बरं नाही.

यातल्या कोणत्याही मागणीने बँकेची वसुली थांबत नाही. थकलेलं कर्ज वसूल झालंच पाहिजे. त्यात माझ्यासारख्यांच्याच ठेवी असतात.

प्राधिकृत अधिकाऱ्यांना वेगळं एक सांगायचं आहे. कायदा बदलेपर्यंत थांबायचं तुम्हाला कारण नाही. नियम 8(7) चा तो शेवटचा खंड आजही तुमच्या हातात आहे. पुढच्या नोटिशीच्या मसुद्यावर सही करण्याआधी फाइल उघडून पाहा, डीआरटीची नोटीस त्यात लावलेली असेल तर तिचा क्रमांक जाहिरातीत टाका. जाहिरातीत एक ओळ वाढेल.

हे पत्र मी नोंदणीकृत टपालाने वित्तीय सेवा विभागाला आणि रिझर्व्ह बँकेला वेगळं पाठवलं आहे. वरच्या सात मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढं मुद्देसूद उत्तर मला लेखी हवं आहे. ते आलं की जसंच्या तसं जाहीर करीन. लिलावात घर घेतलेल्या इतरांनीही आपापल्या नोटिशीची प्रत जोडून असंच पत्र पाठवावं, अशी त्यांना विनंती.

आपली,
लिलावातल्या एका फ्लॅटची खरेदीदार